भोंगा, भारनियमन आणि क्लाउड

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची लाईट गेली. लोकल जिथल्या तिथं थांबल्या. ठाणे, नवी मुंबईचे बरेच भागही बंद पडले. मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका डेटासेंटरमध्ये ड्यूटीवर होतो. बॅटऱ्यांनी क्षणात भार उचलला आणि काही सेकंदांत डिझेल जनरेटर सुरू झाले. त्यातला एक सुरू झालाच नाही, पण शेजारच्यानं त्याचंही काम अंगावर घेतलं. हॉलमधल्या एकाही सर्व्हरला कळलं नाही की बाहेर शहर बंद आहे.

रात्री सोलापूरला, भवानी पेठेत घरी फोन केला. फुशारकीनं सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमची लाईट गेलीच नाही?"

"नाही."

"मग आमचीच कशी काय जायची रे?"

अप्पांनी तीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात लूम चालवले, टॉवेल विणले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते शोधायला मला आपल्याच गावाच्या इतिहासात मागं जावं लागलं.

सोलापुरात पहिली मोठी कापड गिरणी उभी राहिली १८७७ साली. मोरारजी गोकुळदासांची ही सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. गावानं पुढं तिचं नाव ठेवलं 'जुनी मिल'. नंतर लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि गाव भोंग्यावर उठू-झोपू लागलं.

त्या काळच्या गिरणीत ऊर्जा एकाच जागी तयार व्हायची. खाली बॉयलर, शेजारी वाफेचं अवजड इंजिन. त्याची ताकद लांबच लांब फिरत्या दांड्यांनी, त्यांवरच्या चाकांनी आणि पट्ट्यांनी प्रत्येक यंत्रापर्यंत पोचवायची. यात दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे नासाडी. दहा यंत्रं चालू असोत की शंभर, सगळ्या दांड्या आणि पट्टे फिरवावेच लागत. कोळशाचा मोठा वाटा कापड न विणता नुसत्या घर्षणात जाई. दुसरी म्हणजे भरवसा. इंजिन थांबलं की अख्खी गिरणी थांबली.

त्यावर तेव्हाच्या इंजिनिअरांनी काढलेली एक युक्ती मला फार आवडते. मोठ्या गिरण्यांत इंजिनाच्या चाकाला खाचा पाडून एकाच वेळी अनेक सुती दोर लावत. एखादा दोर तुटला तरी बाकीचे ओढत राहायचे आणि तुटलेला सुट्टीच्या दिवशी बदलायचा. आमच्या जनरेटरांचं तत्त्व हेच आहे. गरज चारची असेल तर पाच ठेवायचे, म्हणजे एक रुसला तरी काम अडत नाही.

पुढं विजेच्या मोटारी आल्या आणि प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली. जे यंत्र बंद, त्याचा खर्च बंद. एक लूम बिघडला तरी बाकीचे चालू. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तरी सोलापूर विणत राहिलं, कारण घराएवढ्या कारखान्यांमधून पॉवरलूम खटखटत होते.

पण लूमला स्वतःची मोटर असली तरी वीज सगळ्यांची एकच. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रानं भारनियमनात काढली. तुमच्यापैकी अनेकांना मेणबत्तीतला अभ्यास आठवत असेल. मला अप्पांचं जेवण आठवतं. लाईट गेली की ते घरी येऊन ताटावर बसायचे, आणि आली की अर्धं ताट सोडून पळायचे. मजुरी नगावर होती. लूम थांबला की मजुरीही थांबली. चालत्या लूमची वीज अचानक गेली तर धोटा उभ्या धाग्यांच्या मध्येच अडकायचा. पुन्हा सुरू करताना तिथं कधी कधी आडवी रेघ उमटायची. तो टॉवेल दुय्यम ठरायचा आणि पैसे कापले जायचे ते विणणाऱ्याचे.

वीज साठवून ठेवणं महाग असतं. म्हणून जेवढी मागणी तेवढीच निर्मिती, हा तोल क्षणाक्षणाला सांभाळावा लागतो. तो ठीक आहे की नाही हे वारंवारतेवरून कळतं. आपल्याकडं ती ५० हर्ट्झ हवी. मागणी वाढली की ती घसरते. फार घसरू द्यायची नसेल तर कुणाची तरी वीज तोडावी लागते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला हा तोल गेला. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या ग्रिड कोसळल्या आणि साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. पश्चिमेची ग्रिड वाचली. दक्षिणेची तर तोवर बाकी देशाशी वारंवारतेनं जोडलेलीच नव्हती.

ती जोडली गेली ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीनं. सुमारे २०० किलोमीटरची ही तार पडली आणि सगळा देश एकाच वारंवारतेवर आला. चादर आणि हुरड्यासाठी ओळखलं जाणारं आपलं सोलापूर देशाच्या ग्रिडची गाठ आहे, हे मला इंजिनिअरिंग संपेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता डेटासेंटरकडं येऊ. तुम्ही फोनवर पाहता तो व्हिडिओ, हा लेखसुद्धा, अशाच एखाद्या इमारतीतून येतो. ९९.९९ टक्के सेवा म्हणजे वर्षात जेमतेम ५३ मिनिटं बंद राहायची मुभा. ती पाळायला सगळं दुहेरी ठेवावं लागतं, आणि दुहेरी ठेवलं की नासाडी येते. २००७ मध्ये गूगलच्या बारोसो आणि हॉल्झल यांनी दाखवलं की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्क्यांवरच काम करतात, पण नुसता बसलेला सर्व्हरही पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज खातो. गिरणीतल्या रिकाम्या फिरणाऱ्या दांड्याच म्हणा ना.

उपाय निघाले. एकाच सर्व्हरवर अनेकांची कामं बसवली. रॅकांच्या मध्ये थंड गल्ली आणि गरम गल्ली वेगळी केली. हॉल फ्रिजसारखा गार ठेवायची सवय सोडली, २७ अंशांपर्यंत चालतं. एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज, हे आमचं प्रगतिपुस्तक. उत्तर २ आलं तर जेवढी वीज कामाला तेवढीच थंडाव्याला आणि इतर गोष्टींना जाते. गूगल १.१ च्या आसपास पोचलं आहे. २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटासेंटरांचं काम साडेसहा पट झालं, वीज वाढली फक्त सुमारे ६ टक्के.

मग प्रश्न मिटला का? १८६५ मध्ये जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं लिहून ठेवलंय की वाफेचं इंजिन काटकसरी झालं तसा कोळसा कमी नाही, जास्त लागू लागला. स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त वापरतो. एआय आल्यापासून आमचंही तेच चाललंय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये डेटासेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. थंडाव्याला विजेऐवजी पाणी वापरलं तर वीज वाचते. पण उजनी भरलेली असतानाही काही दिवसांआड नळाची वाट पाहणाऱ्या सोलापूरकराला त्या 'वाचण्या'चा अर्थ वेगळा लागतो.

एक नवी कल्पना मात्र मला थेट भवानी पेठेत घेऊन गेली. २०२० मध्ये गूगलनं जाहीर केलं की घाईची नसलेली कामं ते आता स्वच्छ वीज जास्त असेल त्या वेळेला सरकवतात. वीज असेल तेव्हा काम, नसेल तेव्हा थांबा. मी वाचून हसलो. अप्पा दुसरं काय करत होते? रात्री दोनला लाईट आली की रात्री दोनला लूम. फरक एवढाच की सर्व्हरला झोप नसते.

गेल्या दिवाळीत मी अप्पांना उत्तर दिलं. म्हटलं, "अप्पा, तोल सांभाळायला कुणाला तरी थांबावं लागतं. आमच्याकडं बॅटरी, डिझेल आणि करार होते. तुमच्याकडं काही नव्हतं, म्हणून तुम्हाला थांबवलं. तुमच्या थांबण्यावर ग्रिड टिकली."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या थांबण्याचे पैसे कुणी लावले नाहीत की रे."

आज मोठ्या ग्राहकानं गरजेच्या वेळी वीज कमी वापरली तर त्याला मोबदला द्यावा, अशा योजना जगात अनेक ठिकाणी आहेत. आमचे सर्व्हर थोडं थांबायला शिकताहेत, त्यांच्या थांबण्याला भावही मिळेल. अप्पांच्या थांबण्याचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नाही. म्हणून तो इथं लिहून ठेवला.