शौर्याचें मौन

पुरुषानें भिऊं नये, रडूं नये आणि मनाची व्यथा कोणापुढें उघडी करूं नये, ही शिकवण किती महाग पडते हें पहिल्या महायुद्धाच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. तोफांच्या भडिमाराखालीं खंदकांत राहिलेल्या कित्येक ब्रिटिश सैनिकांपैकीं, अंगावर जखम नसतांहि, कोणाची वाचा गेली, कोणास कंप जडला, कोणाची झोप उडाली. १९१५ सालीं डॉ. चार्ल्स मायर्स यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत या विकारास ‘शेल शॉक’ हा शब्द योजिला.

त्याच वर्षीं हॅरी फार नांवाचा शिपाई या विकारानें पांच महिने रुग्णालयांत होता. पुढें १९१६ सालीं, ‘हें मला सोसवत नाहीं’ असें सांगून तो आघाडीवर जाईना, तेव्हां लष्करी न्यायालयानें त्यास भ्याड ठरविलें व त्यास गोळी घालण्यांत आली.

इकडे एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथें डॉ. रिव्हर्स वेगळा मार्ग चोखाळीत होते. निलगिरींतील तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणारे हेच ते पंडित. भयंकर आठवणी बळेंच दडपल्यानें त्या रात्रीं स्वप्नांत उसळतात, त्या बोलून दाखविल्यास रोग्यास उतार पडतो, असा अनुभव त्यांनीं नोंदविला. परंतु तें रुग्णालय अधिकाऱ्यांचें. साध्या शिपायास तेथें प्रवेश नव्हता.

हॅरी फार व त्याच्यासारख्या तीनशेंहून अधिक मृतांस ब्रिटिश पार्लमेंटनें क्षमा केली ती २००६ सालीं. त्या शिपायानें मौन सोडलें होतें. ऐकणारा मात्र त्यास भेटला नाहीं.