राजवाड्यातला मुक्काम

डॉन किहोतेची कथा आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेली असेल. १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्हांटिसच्या त्या पुस्तकात हा वेडा वीर रस्त्याकाठची एक साधी सराई पाहतो आणि तिला किल्ला समजून बसतो. सराईवाला म्हणजे त्याच्या लेखी किल्लेदार! त्याच्याच हातून तो वीरव्रताची दीक्षा घेतो. आज तो स्पेनच्या रस्त्यांवरून निघाला तर त्याची फसगत नेमकी उलटी व्हायची. समोर खरेखुरे बुरूज, खराखुरा तट, कमानीवर सरदार घराण्याचे चिन्ह, आणि आत पाऊल टाकावे तो मेजामागचा कारकून अदबीने विचारतो, "मुक्काम किती दिवसांचा?"

अशा मुक्कामाच्या घरांना तिकडे 'पारादोर' म्हणतात. थांबणे ह्या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदावरून हा शब्द आला आहे. त्यांची मालकी सरकारची असून त्यांची संख्या आज नव्वदांच्या वर आहे. ती सगळीच जुन्या वास्तूंत आहेत असे नाही. पण जी किल्ल्यांत, वाड्यांत आणि मठांत आहेत, त्यांच्यासाठीच लोक वाट वाकडी करून जातात. आपणही घाई न करता मोटारीने त्यांतली काही पाहून येऊ.

माद्रिद सोडून पश्चिमेकडे निघाले की ग्रेदोसचे डोंगर लागतात. पहिला पारादोर इथलाच. मार्केस दे ला व्हेगा-इन्क्लान नावाचे एक रसिक सरदार १९११ पासून प्रवासी खात्याचे राजनियुक्त प्रमुख होते. मोटारी वाढू लागल्या होत्या, पण आडगावी परक्या पाहुण्याला बरी खोली मिळणे कठीण, आणि खाजगी धनिक तिथे पैसा घालायला तयार नव्हते. तेव्हा ते काम सरकारने करावे, असा त्यांचा विचार. राजा तेरावा आल्फोन्सो ह्याला ग्रेदोसच्या रानात शिकारीचा नाद होता. जागा त्यानेच निवडली आणि १९२८ च्या ऑक्टोबरात तिथले दार उघडले. तीन वर्षांनी, १९३१ साली, प्रजासत्ताक आले आणि राजाला देश सोडावा लागला. सराई मात्र राहिली. पुढे स्पेनची १९७८ ची लोकशाही घटना तयार करणारी मंडळी ह्याच घरात एकत्र बसली होती!

पीकोच्या घाटाने डोंगर उतरताना रोमन काळचा फरसबंद रस्ता दिसतो. खाली सपाटीवर ओरोपेसा. तिथल्या किल्ल्याला लागून असलेल्या वाड्यात १९३० पासून पाहुणे उतरतात. ह्या ओरोपेसाच्या काउंटांच्या घरातच १५१५ साली फ्रान्सिस्को दे तोलेदो जन्मला. तो पुढे पेरूचा व्हाइसरॉय झाला, आणि त्याच्या हुकुमाने १५७२ साली कुस्को शहरात तुपाक आमारू ह्या शेवटच्या इंका राजाचा शिरच्छेद झाला. वाड्याच्या खिडकीतून संध्याकाळचे डोंगर फार सुंदर दिसतात. ते पाहताना समुद्रापलीकडचा तो चौक आठवावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जवळच हारांदिया गाव आहे. तिथला किल्लाही ह्याच घराण्याचा, आणि आता तोही पारादोर आहे. ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हणत, तो सम्राट पाचवा चार्ल्स राज्यत्याग करून १५५६ च्या नोव्हेंबरात इथे आला. संधिवाताने पाय गेलेले. डोंगरातून त्याला उचलून आणावे लागले. शेजारच्या युस्ते मठातले त्याचे घर तयार नव्हते, म्हणून फेब्रुवारीपर्यंत तो इथे पाहुणा म्हणून राहिला. जवळ घड्याळांचा संग्रह होता, आणि वैद्यांनी कितीही सांगितले तरी बिअर सुटत नव्हती. युस्तेला १५५८ च्या सप्टेंबरात तो वारला. राज्ये सोडता आली, जीभ आवरली नाही! माणूस मोठा असला तरी शेवटी माणूसच.

येथून उत्तरेला लेओनचा रस्ता धरावा. शहराच्या कडेला, बेर्नेस्गा नदीच्या काठी, सान मार्कोसची इमारत उभी आहे. तिचा दर्शनी भाग इतका लांब आणि इतका कोरीव, की पाहणाऱ्याने मान वळवीतच राहावे. मुळात इथे बाराव्या शतकात यात्रेकरूंचा दवाखाना होता. सोळाव्या शतकात सांतियागोच्या धर्मवीरांच्या पंथाने सध्याची वास्तू बांधायला घेतली. त्याच पंथाचा एक सभासद म्हणजे थोर कवी केवेदो. राजदरबाराची मर्जी फिरली, आणि १६३९ पासून १६४३ पर्यंत त्याला स्वतःच्याच पंथाच्या ह्या घरात, दमट कोठडीत खितपत पडावे लागले. तो सुटला तेव्हा प्रकृती पार ढासळली होती. दोनच वर्षांत तो गेला.

पण केवेदोचे नाव तरी उरले. १९३६ साली यादवी युद्ध पेटले तेव्हा फ्रँकोच्या पक्षाने ह्याच इमारतीत बंदिछावणी उघडली. १९४० पर्यंत हजारो माणसे इथल्या ओवऱ्यांत आणि कोठारांत दाटीवाटीने कोंडली गेली. कित्येकांना इथून बाहेर नेले ते गोळ्या घालण्यासाठी. पुढे पंचवीस वर्षेही पुरती उलटली नाहीत, तोच ह्या वास्तूत गालिचे पसरले गेले आणि चैनीचे हॉटेल सुरू झाले. राजेरजवाड्यांच्या मुक्कामाची आठवण सांगणे हॉटेलला शोभते, फायद्याचेही असते. कैद्याची आठवण कोण विकत घेणार? जुन्या वास्तू राहत्या ठेवल्या म्हणून वाचतात, हे खरे. पण भिंती वाचल्या म्हणजे इतिहास वाचलाच असे होत नाही. तो पाहुण्याने मुद्दाम विचारावा लागतो.

लेओनहून पश्चिमेला जाणारी वाट शेकडो वर्षांची यात्रेची वाट आहे. तिच्या शेवटी सांतियागो, आणि तिथल्या महामंदिराच्या चौकातच फर्दिनंद आणि इसाबेला ह्यांनी १४९९ मध्ये फर्मावलेले राजरुग्णालय. पायी चालून थकलेल्या, आजारी पडलेल्या यात्रेकरूंसाठी ही धर्मशाळा आणि दवाखाना. चार चौक, मध्ये देवघर. १९५४ साली तिचे हॉटेल झाले. आज तिथे एका रात्रीला जे मोजावे लागते, ते त्या जुन्या यात्रेकरूला स्वप्नातही परवडले नसते. तरी पायी आलेल्या दहा यात्रेकरूंना रोज फुकट जेवू घालण्याची रीत ह्या हॉटेलने पुढे चालविली. दहाच पाने, पण घर मुळात कोणासाठी बांधले, ह्याची तेवढी तरी खूण राहिली.

कधी योग आला तर वाचकांनी ह्या घरांत जरूर उतरावे. पलंग मऊ असतो, जेवण चांगले असते. निजण्यापूर्वी मात्र कारकुनाला एवढे विचारावे, की आमच्या आधी ह्या खोलीत कोण राहत होते, आणि त्याने राजाचे नाव सांगितले, तर पुन्हा एकदा विचारावे, "आणखी कोण?"