एकविसाचा डाव व प्राचीन द्यूतपरिभाषा

गोकुळाष्टमीच्या रात्रीं जागरणास पत्ते खेळण्याची चाल आमच्या भागांत कांहीं घरीं अद्याप आहे. गतवर्षीं राहनाळ (तालुका भिवंडी) येथें अशाच एका बैठकींत, गोदामांत नोकरी करणाऱ्या व पणजीस मांडवीवरील जुगाराच्या नौका पाहून आलेल्या एका तरुणानें आम्हांस ब्लॅकजॅकचे नियम समजावून दिले. ते ऐकतांना ऋग्वेदांतील एक शब्द आम्हांस वारंवार आठवूं लागला. प्रस्तुत टिपणाचें निमित्त तोच शब्द.

डाव असा. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांचें मोल त्यांच्या ठिपक्यांइतकें. राजा, राणी व गुलाम दहाचे. एक्का सोयीप्रमाणें एक अथवा अकरा. प्रत्येकास दोन पानें मिळतात. वाटणाराचें एक उघडें असतें. खेळणारानें आणखी पानें मागावीं किंवा थांबावें. बेरीज एकविसाच्या जितकी जवळ तितकी बरी. बावीस झाले कीं डाव बुडाला. पहिल्या दोनच पानांत एक्का व दहाचें पान आलें तर तोच ब्लॅकजॅक, व त्यास जुन्या रिवाजानें दोहोंस तीन मिळतात. बरोबरी झाल्यास पण परत. वाटणारास मात्र स्वेच्छा नाहीं : सोळापर्यंत त्यानें पान घ्यावें, सतरास थांबावें. हें बंधन त्यास जाचक वाटेल. परंतु खेळणारा आधीं बुडतो व त्याचा पण तत्काळ उचलला जातो, मागाहून वाटणारा स्वतः बुडाला तरी तो परत येत नाहीं. पेढीची मिळकत मुख्यतः ह्या पौर्वापर्यांत आहे.

आतां तो शब्द. दहाव्या मंडलांतील चौतिसाव्या सूक्तांत जुगारी म्हणतो कीं, ‘एकपर’ अशा अक्षापायीं मीं अनुव्रता पत्नी दुरावली. एकपर म्हणजे एकानें अधिक. त्या काळचे अक्ष म्हणजे बेहड्याचीं फळें; मूठभर घेतलेल्या फळांस चारांनीं भागून बाकी न उरली तर कृत, तीन उरलीं तर त्रेता, दोन उरलीं तर द्वापर व एक उरलें तर कलि, असा अर्थ विद्वानांनीं लाविला आहे. त्याच सूक्तांतील ‘त्रिपंचाश’ समूह सायणाचार्य त्रेपन्नाचा मानतात, कांहीं आधुनिक पंडित दीडशेंचा. त्रेपन्नांत चारांनीं भागतां एक उरतो, दीडशांत दोन. ज्या जुगाऱ्यास एकपरानें बुडविलें त्याच्या तोंडीं त्रेपन्नच शोभतात असें आमचें मत आहे. बाविसांनीं बुडालेला आजचा खेळाडू त्याचाच सगोत्र.

‘सभिक’ शब्दाचें भाषांतर पत्ते वाटणारा असें केलेलें आम्हीं वाचलें आहे. तें मान्य करतां येत नाहीं. याज्ञवल्क्य सभिकास शंभर वा अधिक जिंकणाराकडून शेंकडा पांच व इतरांकडून शेंकडा दहा घेऊं देतो, आणि जिंकलेलें द्रव्य जेत्यास वसूल करून देण्याचें व राजभाग भरण्याचें काम त्याजवर टाकतो. मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकांत दहा सुवर्ण हरलेल्या संवाहकामागें माथुर धांवतो तो ह्याच सभिकपणानें. तो प्रतिपक्षी नव्हे. एकविसाच्या डावांत पेढी स्वतः प्रतिपक्षी असते.

गणनाकौशल्याचा प्रश्न नलोपाख्यानांत आहे. ऋतुपर्ण बेहड्याचीं पानें व फळें दृष्टिक्षेपांत मोजतो. नल तो वृक्ष पाडून खात्री करून घेतो व अक्षहृदय मिळवितो. वृक्ष बेहड्याचाच असावा हें सहेतुक दिसतें. एडवर्ड थॉर्प ह्या गणितज्ञानें १९६२ सालीं, गेलेलीं पानें ध्यानांत ठेवून उरलेल्यांचा अंदाज घेण्याची रीत ब्लॅकजॅकसाठीं प्रसिद्ध केली. पेढ्यांनीं उत्तरादाखल अधिक जोड वापरण्यास व वारंवार पिसण्यास आरंभ केला.

मनु राजास द्यूत मोडून काढावयास सांगतो. कौटिल्य तें एका ठिकाणीं कोंडून द्यूताध्यक्षाकरवीं शेंकडा पांच घेतो व इतरत्र खेळणारास बारा पण दंड करतो. मुंबई इलाख्याचा १८८७ चा कायदा मनूकडे झुकला, मात्र केवळ कौशल्याच्या खेळास त्यानें सूट ठेविली. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमीस कौशल्याचा खेळ मानलें व तीन पत्त्यांचा डाव निव्वळ दैवाचा ठरविला. गोव्यानें कौटिल्याचा मार्ग धरला. महाराष्ट्रानेंही १९७६ सालीं कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधींच अंमलांत आला नाहीं व २०२३ मध्यें रद्द झाला. राहनाळच्या बैठकींत त्या रात्रीं पण म्हणून शेंगदाणे होते. आम्ही सोळावर थांबलों. वाटणारानें अठरा केले.