कूळ ते गाळेमालक : दापोडे परिसरातील स्थित्यंतर

मुंबई-नाशिक महामार्गावरील माणकोली नाक्यावरून अंजूर फाट्याकडे निघाले, की भिवंडी तालुक्यातील दापोडे गाव लागते. पत्र्याच्या छपरांची गोदामे, त्यांपुढे मालमोटारींच्या रांगा आणि मधूनच उरलेले एखादे भाताचे खाचर, असे या पट्ट्याचे आजचे रूप आहे. गोदामाच्या एका खणाला येथे ‘गाळा’ म्हणतात आणि गाळ्यांच्या आवाराला ‘कंपाउंड’. सातबाऱ्यावर शेतकरी म्हणून नोंद असलेल्या अनेक कुटुंबांची चूल आता भातावर नव्हे, तर भाड्यावर पेटते.

भाडेकरू आणि मालक हे नाते या भागाला नवे नाही. फक्त बाजू बदलली आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याने आणि त्यातील दुरुस्तीनुसार पाळल्या गेलेल्या १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’ने खंडाने जमीन कसणाऱ्या कुळांना मालकीचा मार्ग खुला करून दिला. ठाणे जिल्ह्यातील असंख्य सातबाऱ्यांवर त्याची खूण अजूनही दिसते : ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’. अशी जमीन विकण्यास, गहाण ठेवण्यास, इतकेच नव्हे तर पट्ट्याने देण्यासही पूर्वपरवानगी आवश्यक ठरविण्यात आली होती. ज्याला कुळाच्या हक्काने जमीन मिळाली, त्यालाच नवे कूळ ठेवण्यास कायद्याने अटकाव केला, हे तर्काला धरूनच होते. २०१४ च्या दुरुस्तीने विक्री-प्रमाणपत्राला दहा वर्षे झालेल्या जमिनींबाबत, आकाराच्या चाळीस पट रक्कम भरल्यास परवानगीची अट शिथिल केली. तोवर या पट्ट्यात गोदामे केव्हाच उभी राहिली होती.

ती उभी राहण्याचे एक मोठे कारण जकात हे होय. मुंबईत शिरताना मालावर जकात भरावी लागे. ती हद्दीबाहेर साठवून मागणीप्रमाणे आत नेणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. बंदर आणि महामार्ग हाताशी, शिवाय जागा ग्रामपंचायतीच्या हद्दीत. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन खरेदी करण्यास याच कुळकायद्याचा अडसर असल्याने काही ठिकाणी जमीन शेतकऱ्याची, भांडवल विकासकाचे आणि गाळ्यांची वाटणी ठरलेल्या हिश्श्याने, अशी व्यवस्था रूढ झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. त्याबरोबर गोदामेही जातील, असा काहींचा होरा होता. तो सपशेल चुकला. ऑनलाइन खरेदीच्या व्यवसायाने उलट अधिक मोठ्या गाळ्यांची मागणी आणली.

या भरभराटीचा कच्चा दुवा म्हणजे कागद. अनेक गाळे ग्रामपंचायतीच्या दाखल्याच्या भरवशावर बांधले गेले. २००७ मध्ये या परिसरासाठी एमएमआरडीए ही विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमली गेल्यावर बांधकाम परवानगीचा अधिकार तिच्याकडे गेला. अनधिकृत गोदामांचा वाद पुढे उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. ग्रामपंचायत घरपट्टी घेते म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, ही साधी बाब अनेक मालकांना नोटीस हाती पडल्यावरच उमगली.

भाडेकराराबाबतही गैरसमज पुष्कळ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. करार नोंदविलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे धरून चालले जाते. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या व एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असल्यास त्यांना या कायद्याचे संरक्षण नाही. लहान व्यापाऱ्याला मात्र ते लागू होऊ शकते. लीव्ह अँड लायसन्स करार संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा झटपट परत मिळविण्याची तरतूद केवळ निवासी जागेसाठी आहे. गाळ्याचा ताबा हवा असल्यास न्यायालयाची पायरी चढावी लागते.

करांच्या बाबतीत तर शेतकरी आणि गाळेमालक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त. गाळ्याचे भाडे करपात्र. दुरुस्तीवर प्रत्यक्ष कितीही खर्च झाला, तरी सरसकट तीस टक्के वजावट मिळते. वार्षिक भाडे वीस लाखांच्या पुढे गेले, तर वस्तू व सेवा कराची नोंदणीही आली.

घरातला प्रश्न याहून नाजूक. खाचराच्या उत्पन्नात हिस्सा मागायला सहसा कोणी येत नसे. दरमहा येणाऱ्या भाड्याचे तसे नाही. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची जुनी प्रथा त्यामुळे पूर्वीइतकी सहज राहिलेली नाही, आणि ते योग्यच आहे.

मालकीबरोबर येणारी सर्वांत जड जबाबदारी मात्र इमारतीची असते. २९ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्याच वळ गावात कंपाउंडमधील एक इमारत भरदुपारी कोसळली. वरच्या मजल्यावर भाडेकरू कुटुंबे राहत होती, खाली गोदामात कामगार काम करीत होते. ढिगारा उपसण्याचे काम दुसऱ्या दिवसानंतरही सुरूच होते. या दुर्घटनेत आठ जणांचा मृत्यू झाला. पोलिसांनी गुन्हा नोंदविला, तो इमारतीच्या मालकावर.