मुंबई विद्यापीठाचे रसायनतंत्र खाते : विद्या आणि व्यवसाय यांची एक कहाणी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेली ही संस्था प्रारंभीची अनेक वर्षे स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी, एवढेच तिचे कार्य. त्या पदवीच्या बळावर आपल्या वाडवडिलांपैकी ज्यांना शिकता आले ते कचेरीत, शाळाखात्यात वा रेल्वेत शिरले आणि ज्यांना शिकता आले नाही ते गिरणगावात साच्यावर उभे राहिले. लेखणी एकीकडे व यंत्र दुसरीकडे, अशी ही विभागणी कित्येक घरांत दोन सख्ख्या भावांमध्येही होती. ती सांधण्याचा एक प्रयत्न मुंबईत झाला. आपल्या कुटुंबांना त्याची माहिती असावी म्हणून हा लेखप्रपंच.

मुंबईच्या गिरण्यांत कापूस आपला, मजूर आपला, परंतु कृत्रिम रंग बहुतांशी जर्मनीचा. १९१४ साली महायुद्ध पेटले, जर्मन रंगांची आयात थांबली आणि बाजारात रंगाचे भाव कडाडले. परावलंबन म्हणजे काय, हे तेव्हा कारखानदारांना उमगले. पुढे १९२१-२२ मध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाख्यातील तांत्रिक व औद्योगिक शिक्षणाचा विचार करणारी समिती बसली. तरीही प्रत्यक्ष खाते उघडण्यास १ ऑक्टोबर १९३३ हा दिवस उजाडावा लागला. आपल्याकडे विचार आणि कृती यांत दशकाचे अंतर पडणे हे काही नवल नव्हे!

वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या दोन शाखांनी आरंभ झाला. पहिले प्रमुख डॉ. फॉर्स्टर हे इंग्रज होते. १९३८ साली ती धुरा डॉ. के. वेंकटरामन यांच्याकडे आली. मद्रासकडचे हे गृहस्थ मँचेस्टरला शिकून आलेले, आणि रंगरसायन हा त्यांच्या जन्माचा ध्यास.

या विषयाचे मर्म थोडक्यात सांगितले पाहिजे. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून रसायनक्रियेने तिला प्रथम विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते. त्या रूपात ती धाग्यात शिरते आणि मग हवेतील प्राणवायूच्या संयोगाने पुन्हा न विरघळणारी होऊन आतच अडकून बसते. आमचा जुना रंगारी हे सारे हाताच्या सवयीने साधीत असे. परंतु पाणी बदलले, सूत बदलले, पक्का म्हणून दिलेला रंग पहिल्याच धुण्यात उतरला, तर त्याचे कारण त्याला सांगता येत नसे. ते कारण सांगू शकणारा आणि तरीही रंगाच्या पिंपाशी उभे राहण्यास न लाजणारा पदवीधर या खात्याने घडविला. माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे कार्य होय.

१९४३ साली खाते माटुंग्याच्या स्वतंत्र वास्तूत आले. तेल, औषधे, खाद्यपदार्थ, रंगलेप अशा शाखा कालांतराने वाढल्या आणि कारखानदारांच्या देणग्यांतून अध्यासनेही निर्माण झाली. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरील ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर मान्यता पावला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्या मागून त्या पदावर आलेले डॉ. बा. द. टिळक हे त्यांचेच शिष्य. १९६४ साली केंब्रिजहून परतलेले अवघ्या सत्तावीस वर्षांचे डॉ. मनमोहन शर्मा येथे प्राध्यापक झाले. प्राध्यापकाने कारखान्याच्या अडचणी सोडवाव्यात आणि त्यांतूनच संशोधनाचे विषय काढावेत, या परंपरेला त्यांनी मोठे बळ दिले.

येथून बाहेर पडलेल्यांनी केवळ नोकऱ्याच केल्या असे नव्हे. केकी घारडा यांनी अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन मुंबईत स्वतःचा कारखाना काढला आणि परदेशी कंपन्या महाग विकीत असलेली कीटकनाशके व तणनाशके स्वस्तात तयार केली. अंजी रेड्डी गुंटूरहून येथे येऊन औषधरसायन शिकले व १९८४ साली त्यांनी हैदराबादेत आपली औषध कंपनी स्थापन केली. म्हणजे माटुंग्याचे बीज तेलंगणातही रुजले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले, आईच्या कष्टांवर मुंबईच्या नगरपालिकेच्या शाळेत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९६६ साली येथूनच पदवीधर झाले.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि डोंबिवली, तारापूर, रोहे, महाड, लोटे या ठिकाणी रासायनिक कारखान्यांच्या वसाहती झाल्या. त्यामुळे कोकणातील मुलांना घराजवळ काम मिळाले, हे खरे. परंतु उल्हास आणि सावित्री या नद्यांच्या पाण्याचे काय झाले, हे काठावरच्या गावकऱ्यांना विचारावे. डोंबिवलीत २०१६ व पुन्हा २०२४ साली स्फोट होऊन माणसे दगावली. स्वस्त उत्पादनाची वाट दाखविणाऱ्या विद्येकडून सांडपाणी आणि सुरक्षितता यांचा जाब मागणे वावगे नाही. तो फार उशिरा मागितला गेला, एवढीच खंत.

इतिहासाची गती मोठी विचित्र! ज्या गिरण्यांच्या गरजेतून हे खाते जन्मले, त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या व त्यांच्या जागी मनोरे उठले. खाते मात्र टिकले. २००८ साली ते विद्यापीठापासून विभक्त होऊन स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाले आणि २०१८ मध्ये त्याची एक शाखा मराठवाड्यात, जालना येथे उघडली. जालन्यात बियाण्यांचा धंदा आहे, लोखंडाच्या सळ्यांचे कारखाने आहेत. पाण्याचे मात्र दुर्भिक्ष. माटुंग्याचा आरंभ शेजारच्या गिरण्यांना भेडसावणाऱ्या प्रश्नापासून झाला होता. जालन्याच्या दारात पाण्याचा प्रश्न उभाच आहे.