करवत, बोटं आणि आठ बाय दहाची खोली

लाकूडकामाची हौस असलेल्या माणसाला घरातून एक प्रश्न हमखास येतो. "मशीन कशाला? हाताने होत नाही का?" प्रश्न रास्त आहे. आठ बाय दहाच्या खोलीत, टेबलावर मावेल अशी विजेची करवत घ्यायचं माझ्या मनात आहे. आई आणि बायको दोघींची अट एकच, दहाही बोटं शाबूत राहिली पाहिजेत. म्हणून किमती बघण्याआधी म्हटलं, ही यंत्रं मुळात कुणी आणि कशासाठी काढली ते तरी बघू.

गोल पात्याच्या करवतीची एक गोष्ट नेहमी सांगतात. अमेरिकेत शेकर पंथातल्या टॅबिथा बॅबिट या बाईंनी दोन माणसं मोठी करवत ओढताना पाहिली. करवत पुढे जाताना कापते, मागे येताना नुसतीच येते. म्हणजे अर्धी मेहनत फुकट! मग १८१३ च्या सुमारास त्यांनी चरख्याला दातेरी चकती लावली म्हणे. गोष्ट छान आहे, पण इंग्लंडमध्ये सॅम्युअल मिलर यांच्या १७७७ च्या पेटंटमध्ये गोल करवतीचा उल्लेख आहे. तेव्हा 'पहिली' हा मान काही बाईंना देता येत नाही. त्यांनी हेरलेली अडचण मात्र शंभर टक्के खरी. गोल पातं सतत कापत राहतं, आणि गिरणीला हवा असतो तो वेगच.

पट्ट्याच्या करवतीचं, म्हणजे बॅंडसॉचं, नशीब उलटं. लंडनच्या विल्यम न्यूबेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तिचं पेटंट घेतलं. दोन चाकांवरून फिरणारा दातेरी पट्टा, कल्पना सोपी. पण पट्ट्याचा सांधा टिकेना, सारखा तुटायचा. शेवटी १८४६ मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅन पॉलिन क्रेपॅं यांनी सांधा जोडायची पद्धत शोधली तेव्हा यंत्र मार्गी लागलं. जवळजवळ चाळीस वर्षं एक चांगली कल्पना केवळ एका जोडापायी अडून राहिली!

ही सगळी यंत्रं कारखान्यांसाठी. घरच्या हौशी माणसाकडे कंपन्यांचं लक्ष गेलं ते विसाव्या शतकात. मिलवॉकीच्या हर्बर्ट टाउट्झ यांनी १९१९ मध्ये सुरू केलेली डेल्टा ही कंपनी छोट्या यंत्रांवरच वाढली. १९४७ मध्ये हान्स गोल्डश्मिट यांचं शॉपस्मिथ आलं. एकाच मोटरवर करवत, लेथ, ड्रिल आणि पॉलिशची चकती. कमी जागेवरचा उपाय म्हणून भारीच. पण एक काम संपवून दुसरं सुरू करायचं की यंत्राची मांडणी बदला. इतका संयम माझ्यात नाही.

आता बोटांकडे येऊ. दहा इंची पातं मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर दात्यांचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. शिवाय टेबलसॉमध्ये पात्याच्या मागच्या बाजूचे दाते वर येत असतात. फळी तिथे अडकली की ती उसळून थेट आपल्या अंगावर येते. हे टाळायला पात्यामागे एक पातळ पट्टी असते. ती कापलेली फट मिटू देत नाही. ती नसलेलं यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

बोटं वाचवणारा खरा उपाय फार उशिरा आला. अमेरिकेतल्या स्टीव्ह गॅस यांना १९९९ मध्ये सुचलं, की पात्यात अगदी सूक्ष्म विद्युत संकेत सोडायचा. त्वचा लागली की तो बदलतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबवतो. सॉस्टॉपचं पहिलं यंत्र २००४ मध्ये विकलं गेलं. १७७७ पासून मोजा, सव्वादोनशे वर्षं! वेगाची काळजी पहिल्या दिवसापासून होती, हातांची शेवटी.

एवढं वाचून माझा निर्णय झाला. प्रत्येक करवत कुणाच्या तरी विशिष्ट अडचणीतून आली, तर आपली अडचण कोणती? मला प्लायवूडचे मोठे तक्ते कापायचे नाहीत. ते दुकानदार कापून देतो. मला कापायची आहेत लाकडी खेळणी, डबे, वळणदार कडा. त्यासाठी नऊ इंची बॅंडसॉ बरा. त्याचं पातं लाकडाला खाली टेबलावर दाबतं, त्यामुळे फळी अंगावर उसळत नाही. काप बारीक, म्हणून लाकूडही कमी वाया जातं. याचा अर्थ तो निरुपद्रवी आहे असं नाही. बोट त्यालाही लाकडासारखंच! हात पात्याच्या रेषेत न ठेवणं आणि छोटे तुकडे काठीने ढकलणं इथेही आलंच.

भुशाचं मात्र पाहायला हवं. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय. तेव्हा मास्क आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम यांचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरतोय. बजेट त्यामुळे वाढलं, पण असो. तुमच्यापैकी कुणी छोटा बॅंडसॉ वापरत असेल, तर पातं किती दिवस टिकतं ते जरूर सांगा. न्यूबेरीसाहेबांचा सांध्याचा धसका अजून मनातून जात नाही.