खेळ आणि चित्रपट : बीडच्या जत्रा, भयपट आणि समीक्षेचे मौन

मराठीत नाटकाचा ‘प्रयोग’ होतो, चित्रपटाचा मात्र ‘खेळ’ होतो. तमाशा, दशावतार, कळसूत्री बाहुल्या आणि गारुडी यांच्याशी चित्रपटाचे नाते जोडणारा हा शब्द बोलीने सहज स्वीकारला. समीक्षेने मात्र त्याकडे कधी गांभीर्याने पाहिले नाही. समीक्षेचा विषय राहिला तो ‘चित्रपट’, म्हणजे दिग्दर्शकाच्या नावावर जमा होणारी, स्थिर आणि पुनःपुन्हा तपासता येणारी संहिता. अत्यल्प खर्चात निर्माण झालेल्या भयपटांचा व विज्ञानपटांचा इतिहास या दृष्टीने लिहिता येत नाही. या चित्रपटांना स्थिर संहिता क्वचितच लाभली; त्यांचे खरे अस्तित्व त्यांच्या खेळातच होते.

या खेळाची परंपरा चलच्चित्राहूनही जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हाताने रंगवलेल्या काचचित्रांचे खेळ सुरू केले, तेव्हा मुंबईत वॉटसन हॉटेलमधला ल्युमिएर बंधूंचा खेळ (७ जुलै १८९६) अद्याप व्हायचा होता. पुढे चित्रपट आला तोही प्रथम फिरस्ता म्हणूनच. शहरांत पक्की चित्रपटगृहे उभी राहिली, तरी जत्रांतून तंबू कायम राहिले. १९५३च्या मुंबई चित्रपटगृहे (विनियमन) अधिनियमाने चित्रपट-प्रदर्शनाला परवान्याच्या चौकटीत आणले आणि पुढील नियमावलींनी फिरत्या चित्रपटगृहांचा वेगळा वर्ग मानला. ज्या प्रकाराची कायद्याने दखल घेतली, त्याची कलासमीक्षेने घेतली नाही, हे लक्षणीय आहे.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात आणि १९६० नंतर महाराष्ट्रात असलेला हा जिल्हा बालाघाटच्या रांगांवर व त्यांच्या पायथ्याशी पसरला आहे. परळीला लोहमार्ग होता, पण बीड शहराला रेल्वेसाठी २०२५ साल उजाडावे लागले. पावसावर अवलंबून असलेल्या या मुलखातली लाखो माणसे उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. तंबूचा व्यवसायही पाऊस सरल्यावर सुरू होई व वैशाखापर्यंत चाले. म्हणजे पडदाही फिरता आणि प्रेक्षकही फिरता. परळी वैजनाथला व बीडच्या कंकालेश्वराला महाशिवरात्रीची यात्रा भरते, तेव्हा जिल्ह्यातला मोठा कष्टकरी वर्ग अद्याप फडावर असतो. तो आपल्या गावच्या चैत्र-वैशाखातल्या जत्रेला परततो. अशा समाजाची चित्रपटविषयक अभिरुची पक्क्या चित्रपटगृहाच्या तिकीटविक्रीवरून ठरवणे पद्धतिशास्त्रदृष्ट्या चुकीचे ठरते.

जत्रेतल्या रात्रीच्या खेळांना भयपट विशेष मानवला. हिंदी भयपटाचा उगमही प्रेक्षकांच्या वर्तनाच्या निरीक्षणातून झालेला आहे. रामसे कुटुंबाचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हा चित्रपट अपयशी ठरला. परंतु मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या एका प्रसंगासाठी लोक पुनःपुन्हा येतात, हे तुलसी आणि श्याम रामसे यांनी हेरले. त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) जन्मला. लेखन, छायाचित्रण, ध्वनी, दिग्दर्शन ही सारी कामे भावंडांनीच वाटून घेतलेला हा एका अर्थी घरगुती उद्योग होता. ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) यांनी त्याला व्यापक यश दिले. मोहन भाकरींच्या ‘खूनी महल’सारख्या (१९८७) चित्रपटांनी तोच मार्ग याहूनही तुटपुंज्या साधनांनिशी चोखाळला. विज्ञानपटाची परंपरा तुलनेने क्षीण. तरी दारासिंग यांना चंद्रावर नेणारा ‘चाँद पर चढाई’ (१९६७) त्याच वळणाचा होता. त्यात विज्ञान नाममात्र आणि कुस्ती भरपूर होती. भरताच्या परिभाषेत भयानक आणि अद्भुत हे दोन रस येथे कथानकाच्या संगतीवाचून, सुटे सुटे, एकेका प्रसंगापुरते निष्पन्न होतात.

हे सुटेपण तंबूत दुप्पट होई. पस्तीस मिलिमीटरच्या एक हजार फूट फितीचा खेळ सुमारे अकरा मिनिटे चालतो. एका फुटात सोळा चौकटी आणि एका सेकंदाला चोवीस. फीत तुटली की फाटलेल्या चौकटी कापून टोके जोडावी लागत, आणि प्रत्येक जोडागणिक चित्रपट तेवढा आखूड होई. शहरांतून फिरून झिजलेली प्रत शेवटी तंबूत येई. एकच यंत्र असले की रीळ बदलताना पडदा अंधारे. मग कर्ण्यावरून निवेदन होई, मुले ओरडत, झोपलेला यात्रेकरू कूस बदले. ‘पुराना मंदिर’मधील सामरी या दैत्याचे शिर धडावेगळे केले जाते. तंबूत येणाऱ्या प्रतीचीही अवस्था जवळपास तशीच असे, आणि तिचे तुकडे जुळवून त्या रात्रीपुरता तिला जीव देणारा यंत्रचालक हाच त्या खेळाचा संपादक ठरे. संहिता स्थिर नसते, हा सिद्धान्त विद्यापीठीय चर्चेत पोहोचण्यापूर्वी कनातीआड तो रोजच्या कामाचा भाग होता.

पाश्चात्त्य जगातही अशा चित्रपटांचे खेळ झाले. न्यूयॉर्कच्या एल्जिन चित्रपटगृहात १९७०च्या डिसेंबरात ‘एल तोपो’चे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले, एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ १९८०नंतर ‘सर्वांत वाईट’ म्हणून पुनःपुन्हा दाखवला गेला. जेफ्री स्कॉन्स यांनी १९९५मध्ये बूर्द्यूच्या अभिरुचिविचाराचा आधार घेऊन दाखवून दिले की, टाकाऊ चित्रपटांवरचे हे प्रेम पुष्कळदा सुशिक्षितांचे प्रस्थापित अभिरुचीविरुद्धचे बंड असते. रामसे-चित्रपटांना अलीकडे लाभलेली प्रतिष्ठाही बऱ्याच अंशी याच मार्गाने आली. मात्र या प्रतिष्ठेत एक धोका आहे. महानगरी रसिक चित्रपटाच्या दारिद्र्याला हसतो. जत्रेतला प्रेक्षकही हसे, पण तो भीतीच्या जोडीने. वेताळ, मुंजा, हडळ यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या त्या प्रेक्षकाला रबरी मुखवटा रबरी आहे हे दिसत नसे, असे मानणे हा त्याचा अवमान होय. बोहाड्यातले सोंग लाकडी आहे हे ठाऊक असूनही त्याला नमस्कार करणारी ही संस्कृती आहे.

प्रदर्शकच निर्माता होण्याची पायरी महाराष्ट्रात ओलांडली गेली ती बीडमध्ये नव्हे, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात. यंत्रमागांच्या या शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) केला आणि पुढे सुपरमॅनलाही तेथे आणले. यंत्रमाग कामगार शफीक शेख यांचा तो कृश सुपरमॅन हिरव्या पडद्यासमोर उडतो, ही निर्मितिप्रक्रिया फैजा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात नोंदली गेली. येथे विज्ञानपट विडंबनाच्या वाटेने येतो, आणि या विडंबनाचा रोख परग्रहापेक्षा मालेगावच्या अस्वच्छतेकडे अधिक आहे.

मराठी साहित्यव्यवहाराला ही उपेक्षा अनोळखी नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथा वाचनालयांतून पाने सुटेपर्यंत वाचल्या गेल्या. वाङ्मयेतिहासांत मात्र त्यांना मोजक्या ओळी मिळाल्या. तरी पुस्तकाची एखादी प्रत कपाटात उरते. तंबूचे तसे नाही. फुजीफिल्मने २०१३मध्ये चित्रपटफितीचे उत्पादन थांबवले आणि त्याच सुमारास प्रती काढणेही आटोपले. तंबूमालकांपुढे अंकीय प्रक्षेपक घेणे किंवा व्यवसाय मोडणे एवढेच पर्याय उरले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात ते संक्रमण दिसते.

१९६४मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय प्रती जपते; खेळ जपणे हे त्याचे काम नव्हे. ते काम मौखिक इतिहासाचे आहे आणि त्यासाठी मुदत थोडी आहे. ज्यांनी फिती जोडल्या, कर्ण्यावरून पुकारे केले, दोरीच्या एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष बसवले, ती माणसे आता वार्धक्यात आहेत; ज्यांनी फडावरून परतल्यावर ते खेळ पाहिले, त्यांच्या आठवणी कोणी विचारलेल्या नाहीत. बीडच्या एखाद्या महाविद्यालयातील मराठीच्या विद्यार्थ्याला या आठवणी मिळवण्यासाठी दूर जावे लागणार नाही. पुष्कळदा त्या त्याच्या घरातच असतील. चित्रपटाची यादी करण्यापेक्षा त्या रात्री तंबूत काय झाले हे त्याने विचारले, तर या इतिहासाला पहिले साधन मिळेल.